फिटची गोळी वर्षानुवर्षं घेताना काय सांभाळायचं

सोलापूरच्या पूर्व भागात, कन्ना चौकापासून चालत जाता येईल अशा गल्लीत माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, घरी विड्या वळणाऱ्या बायका, गारमेंटमध्ये शिलाईला जाणाऱ्या मुली. कुणी तेलुगूत बोलतं, कुणी कानडीत, कुणी दखनीत. दर महिन्याला फिटच्या गोळ्या नेणारी घरं मला चेहऱ्यानिशी पाठ आहेत. त्यातलं कुणी ठरल्या वेळी आलं नाही की मला काळजी लागते. इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. बरी चाललेली माणसं पुन्हा फिट येऊन पडतात, तेव्हा बऱ्याचदा औषध निकामी झालेलं नसतं. काहीतरी नकळत बदललेलं असतं. गोळीचं पाकीट बदललेलं असतं, दोन दिवस खंड पडलेला असतो, कंबरदुखीची दुसरी गोळी सुरू झालेली असते, नाहीतर झोप मोडलेली असते. बदल टाळता येत नाहीत, पण ते आपल्याला आणि डॉक्टरांना माहीत हवेत. पुढे जे काही लिहिते आहे ते एवढ्यासाठीच.

डोस ठरवणं, वाढवणं, कमी करणं हे डॉक्टरांचं काम. मी फार्मासिस्ट आहे. ठरलेली गोळी रोज, बरोबर आणि सुरक्षित पोटात जावी, हे बघणं माझं काम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत प्रश्न औषध सापडण्याचा नसून ते टिकवण्याचा आहे.

पाकीट हातात घेतल्यावर

गोळीच्या रंगावर विसंबू नका. “ताई, मागच्या वेळची गोळी गुलाबी होती की ओ,” असं एखादे मामा म्हणतात तेव्हा मला बरंच वाटतं, कारण त्यांनी निदान बघितलं. पण रंग कंपनी बदलली की बदलतो. बघायचं ते मूळ औषधाचं नाव. ब्रँडच्या मोठ्या अक्षरांच्या आसपास ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, सोडियम व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम, फेनोबार्बिटोन. आपलं औषध यातलं कोणतं, हे रुग्णाला आणि घरातल्या आणखी एका माणसाला तोंडपाठ हवं. “ती पांढरी गोळी” एवढ्यावर रात्री अकरा वाजता कुठलाच डॉक्टर काही करू शकत नाही.

मग आकडा, म्हणजे एका गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे ते. फेनिटॉइनची एप्टॉइन 50 पण असते आणि 100 पण. लेव्हेटिरासिटामची लेव्हिपिल 250, 500, 750 अशी वेगवेगळी येते. फेनिटॉइनच्या बाबतीत तर आकड्याची चूक फार महागात पडते. या औषधाचं शरीरातलं गणित सरळ नाही. एका मर्यादेपलीकडे लिव्हरला ते पटापट मोडता येत नाही, आणि डोस थोडासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण उडी मारतं. 300 मिलिग्रॅमचे 400 केले तर प्रमाण कधी कधी दुप्पट होतं. माणूस दारू प्यायल्यासारखा झुलायला लागतो, डोळे भिरभिरतात, एकाचे दोन दिसतात. म्हणून फेनिटॉइन आपल्या मनाने अर्ध्या गोळीनेसुद्धा वाढवू नका.

आकड्यानंतर शेपटी बघा. नावापुढे सीआर, ईआर, एक्सआर किंवा क्रोनो असं काही लिहिलेलं असेल तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळणारी आहे. ती कुटू नका, चावू नका. गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना घरची मंडळी मायेपोटी गोळी खलबत्त्यात कुटून गुळातून देतात. दिवसभरात उतरायचं औषध मग एकदम उतरतं आणि रात्रीपर्यंत संपूनही जातं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, यातल्या बऱ्याच औषधांचं सिरप मिळतं. शेपटी सुटली तरी घोटाळा होतो. चिठ्ठीवर सीआर असेल आणि हातात साधी गोळी आली, तर ती तीच गोळी नव्हे.

सारख्या वाटणाऱ्या नावांवर नजर ठेवा. एका ताईंना दुसऱ्या एका दुकानातून लेव्हेटिरासिटामऐवजी लेव्होफ्लॉक्सासिन मिळालं होतं. चिठ्ठीवरची पहिली अक्षरं सारखी आणि लिखाण गिचमिड. लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. एक तर फिटची गोळी बंद पडली, आणि वर या गटातली अँटिबायोटिकं फिट येण्याची शक्यता स्वतःच वाढवतात. त्या ताईंनी जुनं रिकामं पाकीट जपून ठेवलं होतं म्हणून पहिल्याच संध्याकाळी चूक ध्यानात आली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, शेवटचं रिकामं पाकीट टाकू नका, नवीन घ्यायला येताना ते बरोबर आणा. आणि आम्ही स्ट्रिप कापून देत असू तर नाव आणि एक्सपायरी दिसेल असा तुकडा मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

स्वस्त गोळी घ्यायची की नाही, हा प्रश्न रोजचा. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक गोळी वाईट नसते, आणि महिन्याचा खर्च झेपत नाही म्हणून गोळीच बंद पडण्यापेक्षा ती हजारपट चांगली. मात्र एका कंपनीवर स्थिर व्हा. दर महिन्याला नवी कंपनी नको. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांनी हे जास्त पाळावं. कंपनी बदलावीच लागली तर तारीख वहीत लिहा, डॉक्टरांना कळवा आणि पुढचे काही आठवडे चक्कर, झोप, तोल यांच्यावर लक्ष ठेवा.

गोळी संपू देऊ नका

घरात सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की दुकानात या. शेवटच्या दिवशी नको. सरकारी दवाखान्यात त्या दिवशी साठा नसतो, आमच्याकडे तोच आकडा संपलेला असतो, मधे रविवार येतो, चिठ्ठी जुनी झालेली असते. सात दिवसांत यातलं काहीही निस्तरता येतं.

फिटची गोळी एकदम थांबवणं सर्वांत धोक्याचं. रक्तातलं औषध झपाट्याने उतरलं की एकामागून एक फिट येतात, मधे शुद्धच येत नाही, असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम आणि फेनोबार्बिटोन यांच्या बाबतीत ही भीती आणखी मोठी. “वर्षभर काही झालं नाही, आता कशाला?” असं मला कितीतरी जण विचारतात. काही झालं नाही ते गोळी चालू होती म्हणूनच, हे मी प्रत्येकाला तितक्याच कळकळीने सांगते.

एखादी वेळ चुकली तर? साधारण नियम असा: आठवेल तेव्हा लगेच घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आलेली असेल तर चुकलेली सोडून द्या आणि पुढची वेळेवर घ्या. दोन्ही एकदम घेऊ नका. “जवळ” म्हणजे किती तास, हे औषधावर आणि दिवसातून किती वेळा घेता यावर ठरतं. त्यामुळे पुढच्या भेटीत डॉक्टरांना हाच एक प्रश्न विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या. गोळीनंतर लगेच उलटी झाली, तीत गोळी दिसली, किंवा जुलाब-उलट्या दिवसभर चालल्या तर फोन करून विचारा. औषध अंगी लागलेलं नसतं.

लॅमोट्रिजिनचा नियम वेगळा आहे. ती गोळी पाच दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर जुन्याच डोसने पुन्हा सुरू करायची नाही. एकदम पूर्ण डोस घेतल्यास अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. डॉक्टर ती परत अगदी छोट्या डोसपासून चढवतात.

आठवण राहण्यासाठी आठवड्याचे कप्पे असलेली डबी चांगली, पण सगळ्या गोळ्यांना नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतली ओल शोषून घेतं, गोळी चिकट होते. कार्बामाझेपिनला ओल लागली तर तिची ताकद उतरते. या दोन्ही गोळ्या पाकिटातून काढून ठेवू नका. हवं तर पाकीटच कात्रीने कापून, कप्प्यांसकट डबीत ठेवा. जागा कोरडी आणि सावलीतली हवी. फ्रीज लागत नाही, आणि माठाशेजारची थंडगार फळी तर नकोच, तिथे ओल असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात छताजवळचं फडताळ आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी, या दोन जागा गोळीसाठी सर्वांत वाईट. खालच्या कपाटातला, भिंतीच्या सावलीतला डबा पुरतो.

प्रवासात गोळ्या बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत हव्यात. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघालात तर रात्रीची गोळी घरी जेवल्यावरच घ्या. गाडीत गर्दीत बॅग सीटखाली गेली की माणूस कंटाळा करतो.

उपास, जागरण, पाणी

आपल्या शहरात वर्षातल्या काही तारखांनंतर माझ्याकडे फिटची तक्रार घेऊन हमखास कुणीतरी येतं. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं तुळजापूरला पायी जातात. रात्रभर चालणं, वरून रिकामं पोट आणि गोळी घरी फळीवर राहिलेली. झोप मोडणं हे फिट ओढवून घेण्याचं फार मोठं कारण आहे, आणि त्यात गोळी चुकली तर दोन्ही धोके एकत्र येतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांना गेल्या वर्षभरात फिट आली आहे त्यांनी रात्रीची पायी वारी करू नये. आई भवानीचं दर्शन दिवसा बसनेही होतं. ज्यांची फिट पूर्ण आटोक्यात आहे आणि जायचंच आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आदल्या दुपारी झोप काढावी, गोळी खिशात ठेवावी, आणि सोबतच्या एकाला तरी आजार सांगून ठेवावा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतही मुलं रात्री उशिरापर्यंत पाळण्यांजवळ रेंगाळतात, त्यांनाही हेच.

उपासाच्या दिवशी गोळी चालते. एकादशी असो की नवरात्र, घोटभर पाण्याबरोबर औषध घेतल्याने उपास मोडत नाही असं घरातल्या मोठ्यांकडून एकदा वदवून घ्या, म्हणजे सुनेला चोरून गोळी घ्यावी लागत नाही. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी रिकाम्या पोटी जळजळ करते, तिच्याबरोबर थोडं दूध किंवा केळं घ्या. रमजानचा प्रश्न वेगळा, कारण दिवसा पाणीही नाही. दोन वेळच्या काही गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, तीन वेळच्या येत नाहीत, आणि काहींना रोजा न धरणंच योग्य असतं. हे पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी ठरवायचं नाही. महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा म्हणजे वेळा हळूहळू सरकवता येतात. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, हे मशिदीतले जाणते लोकही सांगतात.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी कधी भलत्या वेळी येतं, तेव्हा पाणी भरायला रात्री कोण उठणार? घरात फिटचा रुग्ण असेल तर त्याने उठू नये. ही छोटी वाटणारी गोष्ट मी घरच्यांना आवर्जून सांगते. कारखान्यात सतत पाळी बदलत असेल तर मालकाला विनंती करून दिवसपाळी मागा. मिळाली नाही तर निदान गोळीची वेळ घड्याळाला बांधा, “उठल्यावर” आणि “झोपताना” याला बांधू नका.

दारू आणि शिंदी बंद. प्याल्यावरही त्रास आणि नशा उतरतानाही त्रास, शिवाय त्या रात्रीची गोळी चुकते.

दुसरी औषधं: इथे मी सर्वांत जास्त बोलते

फिटच्या गोळ्या इतर औषधांशी फार गुंततात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही तिन्ही लिव्हरला जोमाने कामाला लावतात. मग दुसरी औषधं लवकर मोडली जातात आणि त्यांचा असर कमी पडतो: रक्त पातळ करणारी औषधं, गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या. उलट काही औषधं फिटच्या गोळीचंच प्रमाण चढवतात किंवा उतरवतात.

आमच्या भागात कंबरदुखी, मानदुखी घरोघरी. मागावर उभं राहून किंवा सुपात विड्या वळत बसून दुसरं काय होणार? दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉलची जोडगोळी सर्रास लिहिली जाते, शेजारणीकडूनही घेतली जाते. ट्रामाडॉल फिट आणू शकतं. फिटच्या रुग्णाने ते घेऊ नये. पाकिटावर ते नाव दिसलं की परत करा. साधं पॅरासिटामॉल सांगितलेल्या मापात बहुतेकांना चालतं.

टीबीचे उपचार सुरू होणार असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचं प्रमाण वाढवतं, तर रिफाम्पिसिन फिटच्या बऱ्याच औषधांचं प्रमाण खाली ओढतं. दोन्ही एकाच वेळी चालू असताना नेमकं काय होईल, हे अंदाजाने सांगता येत नाही, रक्त तपासावं लागतं. ज्यांचा डोस टीबीच्या काळात वाढवला होता, त्यांना टीबीचा कोर्स संपल्यावर परत तपासणी लागते, कारण रिफाम्पिसिन थांबलं की प्रमाण वर चढू लागतं. हा दुसरा टप्पा बहुतेक जण विसरतात.

अँटिबायोटिक लिहून घेताना “मला फिटची अमुक गोळी चालू आहे” हे वाक्य आधी बोला. कार्बामाझेपिनवर असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं तर दोन-चार दिवसांत चक्कर, उलटी, दोन-दोन दिसणं सुरू होऊ शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही लेव्होफ्लॉक्सासिनच्याच गटातली, त्यांचं वर सांगितलंच. नायट्यासाठी, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल पोटात घेतलं तर फेनिटॉइन चढतं. व्हॅल्प्रोएटवरचा रुग्ण मोठ्या आजारात आयसीयूत भरती झाला आणि मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू झालं, तर व्हॅल्प्रोएट झपाट्याने खाली येतं आणि बरी असलेली फिट उलटते. नातेवाईकांनी हे नाव ध्यानात ठेवावं आणि तिथल्या डॉक्टरांना सुरुवातीलाच व्हॅल्प्रोएटबद्दल सांगावं. अॅसिडिटीचं पातळ औषध आणि कॅल्शियमची गोळी फेनिटॉइनपासून दोन तास दूर ठेवा.

ऑपरेशन ठरलं तर “उपाशीपोटी या” याचा अर्थ फिटची गोळीही नको असा परस्पर लावू नका. भूलतज्ज्ञांना विचारा. बहुतेक वेळा सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात.

आणि पुड्या. गावोगावी “फिट कायमची जाते” म्हणून पुडी देणारे आहेत. अशा पुड्यांत चोरून फेनोबार्बिटोनसारखी औषधं मिसळल्याचं आपल्या देशात उघडकीस आलेलं आहे, आणि काहींमध्ये शिशासारखे जड धातूही सापडलेले आहेत. माणसाला वाटतं पुडीने गुण आला, तो जुनी गोळी सोडतो, मग एक दिवस पुडीवाला गाव बदलतो आणि औषध एकदम तुटतं. पुडी घेतच असाल तर निदान लपवू नका. मी रागावणार नाही, डॉक्टरही रागावणार नाहीत. पोटात काय जातंय ते कळू दे.

शरीरावर लक्ष

नवी गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन महिने अंगावरच्या पुरळाकडे दुर्लक्ष नको. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन आणि फेनोबार्बिटोन यांच्याने क्वचित कातडी सोलवटणारी गंभीर रिअॅक्शन येते. पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, गिळताना आग, असं काही दिसलं तर उन्हाळ्याचं घामोळं समजून पावडर लावत बसू नका. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा, रात्र असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे गोळीचं पाकीट दाखवा.

डोळे पिवळे होणं, पोटात सतत कळ, न थांबणारी उलटी, गुंगी, हे व्हॅल्प्रोएटवर असताना लगेच दाखवायचं. त्याच गोळीने हात थरथरणं, केस गळणं, वजन वाढणं होतं. ते जिवावरचं नाही, पण पोरी त्यामुळेच गुपचूप गोळी सोडतात. तेव्हा लाजू नका, सांगा, डॉक्टरांकडे पर्याय असतात.

कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन रक्तातलं सोडियम उतरवतात. साठी ओलांडलेल्यांना, आणि त्यातही बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्त. आजोबा दोन दिवस गप्प-गप्प, गोंधळलेले, डोकं धरून बसलेले दिसले तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासा. टोपिरामेट घेणाऱ्यांना घाम कमी येतो आणि मुतखडा होऊ शकतो, आपल्या उन्हाळ्यात त्यांनी पाणी जास्त प्यावं आणि दुपारी बारा ते चार उन्हात राबू नये.

लेव्हेटिरासिटामचा एक परिणाम रुग्णाआधी घरच्यांना दिसतो: चिडचिड. शांत माणूस ताट आपटायला लागतो, नाहीतर कोपऱ्यात बसून रडतो. हा स्वभाव बिघडला असं समजून भांडू नका, गोळी सुरू झाली तेव्हाची तारीख बघा. फिटच्या कुठल्याही औषधावर असताना मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. किडनीचा त्रास असलेल्यांना लेव्हेटिरासिटामचा डोस किडनीच्या रिपोर्टप्रमाणे कमी करावा लागतो.

वर्षानुवर्षांच्या गोष्टी हळू येतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात, सकाळ-रात्र घासणं आणि दंतवैद्याला दाखवणं याने बराच फरक पडतो. बरीच औषधं हाडं ठिसूळ करतात, म्हणून व्हिटॅमिन डीची तपासणी विचारून घ्या. डॉक्टर सांगतील तेव्हा लिव्हर, रक्तपेशी आणि सोडियम तपासा. औषधाची रक्तातली पातळी बघायची असेल तर साधारणपणे सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देतात, गोळी बरोबर नेऊन रक्त दिल्यावर लगेच घ्या. औषधाने त्रास झाला असं वाटलं तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. फार कमी लोकांना हे माहीत आहे.

बायकांसाठी

व्हॅल्प्रोएट गर्भाला सर्वांत धोक्याचं. पोटात असताना ते मिळालेल्या दर 100 बाळांपैकी साधारण 10 बाळांना जन्मजात व्यंग येतं, आणि 30 ते 40 मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. लग्न ठरलं की, किंवा मूल हवं असं ठरलं की, सहा महिने आधी डॉक्टरांशी बोला. गोळी बदलायला तेवढा वेळ लागतो. फॉलिक अॅसिड दिवस राहण्याआधीपासून लागतं. पण दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी एकदम बंद करू नका, आईला मोठी फिट आली तर बाळालाही धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात लॅमोट्रिजिनची पातळी खूप उतरते, त्यामुळे डोस वाढवावा लागू शकतो आणि बाळंतपणानंतर परत कमी करावा लागतो.

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन चालू असताना गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका, तातडीची गोळीही कमी पडते. कॉपर टी चालते. लॅमोट्रिजिनचं उलटं: इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिनला खाली ओढते.

सासरी कळेल म्हणून पर्समधल्या कुंकवाच्या डबीत गोळ्या लपवणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. लपवलेली गोळी पहिल्या पाहुण्यांच्या गर्दीत चुकते. 1999 साली कायदा बदलला, फिटचा आजार आहे एवढ्या कारणावरून आता हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द करून मागता येत नाही. आई-वडिलांनी लग्नाआधीच डॉक्टरांसमोर दोन्ही घरांना बसवून बोलावं, मुलीवर हे ओझं टाकू नये.

फिट आलीच तर

घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा. तोंडात चमचा, पाणी, गोळी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांवर गेली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात पडून आली, किंवा बाई गरोदर असेल तर 108 लावा. डॉक्टरांनी फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी मारायचा, हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. त्याची एक्सपायरी दर सणाला बघा. खिशात एक कार्ड ठेवा: नाव, औषध, आकडा, किती वेळा, घरचा फोन. त्या दिवशी मागच्या काही दिवसांत काय बदललं, हे आठवून वहीत लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

गोळी कधी थांबणार

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो विचारायलाच हवा. मोठ्या माणसांत साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट आली नाही तर डॉक्टर कमी करण्याचा विचार करतात. ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी), एमआरआय, आजाराचा प्रकार, माणसाचं काम, सगळं बघून ठरतं. मेंदूत टेपवर्मची गाठ होऊन आलेली फिट पुढे थांबू शकते. उलट, किशोरवयात सुरू होणारा, सकाळी उठल्यावर हातांना झटके देणारा एक प्रकार असतो, त्यात गोळी थांबवली की फिट बहुधा परत येते. दोन शेजाऱ्यांची तुलना म्हणूनच चालत नाही.

कमी करणं महिनोन्महिने, पायरीपायरीने चालतं. डॉक्टर देतील ते वेळापत्रक कॅलेंडरवर उतरवा आणि माझ्यासारख्या तुमच्या दुकानदारालाही दाखवा, म्हणजे आम्ही सवयीने जुना आकडा देणार नाही. त्या काळात विहिरीत पोहणं, उंचावर चढणं, एकट्याने मागाच्या पट्ट्याजवळ काम करणं आणि गाडी चालवणं बंद. वाहन परवान्याच्या अर्जात फिटबद्दल थेट प्रश्न असतो, त्याचं खरं उत्तर द्या. लग्नसराई, परीक्षा, रात्रपाळी सुरू असताना कमी करायला सुरुवात नको, निवांत महिना निवडा. आणि गोळी पूर्ण थांबल्यावर उरलेली पाकिटं शेजारच्या कुणाला देऊ नका. डॉक्टरांना विचारा, ते ठेवायला सांगतील तितके दिवस तारीख घालून बाजूला ठेवा, मग आमच्याकडे आणून द्या.